एका मृत्यूमागे तीन जखमी

१,१५४, १,१२७ आणि १,०५०. देशातील नोंदणीकृत कारखान्यांत २०१८, २०१९ आणि २०२० या वर्षांत कामावर असताना मरण पावलेल्यांचे हे आकडे आहेत. बेरीज ३,३३१, म्हणजे दिवसाला सरासरी तीन. आकडे केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाचे आहेत. याच तीन वर्षांत कारखाना कायद्याखाली तुरुंगवास झालेल्यांची संख्या १४ आहे. २३८ मृत्यूंमागे एक, असा हिशेब निघतो.

याच तक्त्यातील जखमींचा रकाना असा : ४,५२८, ३,९२७ आणि २,८३२. बेरीज ११,२८७. भागाकार केला तर एका मृत्यूमागे ३.४ जखमी येतात.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात कामावर १३८ जण मरण पावले आणि मालकांनी कळवलेल्या जखमींची संख्या ६१,६६३ होती. एका मृत्यूमागे ४४७ जखमी. तिथे सात दिवसांपेक्षा जास्त काळ काम बंद पडले किंवा कायद्याच्या यादीतील दुखापत झाली तरच कळवावे लागते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ८८ नुसार ४८ तास काम बंद पडले की कळवणे बंधनकारक होते. आपली अट सैल असल्याने आपला आकडा मोठा यायला हवा होता. तो १३० पटींनी लहान आहे.

याचे एक उत्तर असे की आपल्याकडची यंत्रे आणि कामाची पद्धत जास्त जीवघेणी आहे, त्यामुळे जखमींच्या तुलनेत मृत्यू जास्त. हे मान्य करून ब्रिटनचे गुणोत्तर दहा भागांपैकी एकच भाग घेतले, तरी २०२० च्या १,०५० मृत्यूंमागे सुमारे ४७ हजार जखमी नोंदले जायला हवे होते. नोंद २,८३२ ची आहे, म्हणजे सहा टक्के. उरलेले ९४ टक्के कुठे गेले, याचे उत्तर शोधायला जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे सोयीचे आहेत. कापूस, डाळ, केळी, प्लॅस्टिक पाईप आणि चटई हा इथला माल. तो साठवणे, उचलणे आणि ट्रकमध्ये भरणे हे इथले मोठे काम, आणि ते आता बऱ्याच अंशी विजेवर किंवा डिझेलवर चालते.

दोन उतरत्या रेषा

आधी तक्त्यातील आणखी एक गोष्ट. २०१८ ते २०१९ या वर्षभरात मृत्यू २.३ टक्क्यांनी घटले आणि जखमी १३.३ टक्क्यांनी. पुढच्या वर्षी मृत्यू ६.८ टक्क्यांनी घटले, तर जखमी २७.९ टक्क्यांनी. दोन वर्षांत मिळून मृत्यूंमधील घट ९ टक्के, जखमींमधील ३७.५ टक्के.

२०२० मध्ये टाळेबंदी होती, त्यामुळे कामाचे तास कमी झाले. पण तास कमी झाल्याचा परिणाम दोन्ही रकान्यांवर सारखाच व्हायला हवा. शिवाय २०१९ मध्ये टाळेबंदी नव्हती, तरी जखमींची घट मृत्यूंच्या घटीच्या जवळपास सहापट आहे. मृत्यू झाला की पोलीस येतात, शवविच्छेदन होते, बातमी छापली जाते. बोट तुटले तर खासगी दवाखान्यात टाके पडतात आणि आठवड्याची मजुरी हातात दिली की विषय मिटतो. मृत्यू लपवणे अवघड आणि बोट लपवणे सोपे असेल, तर दोन रेषांमधील अंतर असेच वाढत जाईल.

मोठा अपघात हे अंतर भरून काढत नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात वाघाडी येथे रसायन कारखान्यात स्फोट झाला. किमान १२ जण मेले आणि बातमी देशभर गेली. त्या वर्षीच्या १,१२७ मृत्यूंशी तुलना केली तर हे प्रमाण एक टक्का भरते. उरलेले ९९ टक्के मृत्यू विखुरलेले आहेत आणि जखमी तर त्याहून विखुरलेले.

ब्रिटनची नोंद परिपूर्ण आहे असे नाही. तिथल्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाचा स्वतःचाच अंदाज असा आहे की मालक कळवण्याजोग्या जखमांपैकी निम्म्याच्या आसपास कळवतात. म्हणून तिथे दुसरा आकडाही काढला जातो. कामगारांनाच घरोघरच्या पाहणीत विचारले जाते. २०२३-२४ मध्ये हा आकडा ६ लाख ४ हजार आला, मालकांच्या आकड्याच्या जवळपास दहापट. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तूट मोजता येते. आपल्याकडे पहिला आकडा आहे, त्याला पडताळणारा दुसरा नाही.

भिंत, डोकी, महिने

अपघात मोजला जाण्यासाठी आधी तो कायद्याच्या चौकटीत घडावा लागतो. ही चौकट तीन गोष्टींनी आखली गेली : जागा कोणती, माणसे किती आणि काम वर्षातून किती महिने चालते.

पहिली गोष्ट जागेची. १९४८ च्या कायद्यात कारखाना म्हणजे जिथे उत्पादन प्रक्रिया चालते ती जागा. कारखान्याच्या आवारातले गोदाम त्यात धरले जात असे. रस्त्यापलीकडे भाड्याने घेतलेले गोदाम, जिथे माल फक्त येतो, थप्पीला लागतो आणि जातो, ते धरले जात नसे. याला एक अपवाद कायद्यातच लिहिलेला होता. शीतगृहात माल साठवणे ही उत्पादन प्रक्रिया मानली जात होती. त्यामुळे सावदा-रावेर पट्ट्यात केळीचे खोके शीतगृहात ठेवताना बोट चिरडले तर तो कारखान्यातील अपघात ठरू शकत होता. साध्या शेडमध्ये मक्याची पोती ठेवताना तेच यंत्र, तेच बोट आणि तीच जखम असली तरी ठरत नसे.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर फट आणखी रुंद होते. फोर्कलिफ्ट रस्त्यावर आणायची तर मोटार वाहन नियमांत तिचे नाव आहे. पण केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले वाहन मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळलेले आहे. म्हणजे गोदामाच्या फाटकाआड परिवहन कार्यालयाचा संबंध संपतो. कारखाना कायद्याच्या कलम २९ मध्ये उचल-यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा तपासणी सांगितली होती, पण त्या कलमातील यादीत क्रेन, विंच, कप्पी अशी नावे होती. फोर्कलिफ्ट हा शब्द त्यात नव्हता.

दुसरी गोष्ट डोक्यांची. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याची मर्यादा १०० कामगार होती. १८९१ मध्ये ती ५० झाली, १९२२ मध्ये २०, आणि १९४८ मध्ये विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १०. सदुसष्ट वर्षांत मर्यादा एक दशांशावर आली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती पुन्हा २० केली. केंद्रीय कायद्यात १३९ वर्षांत ही संख्या पहिल्यांदाच उलट दिशेला गेली.

यंत्र येते तेव्हा डोकी कमी होतात, हे इथे लक्षात घ्यावे लागते. १६ टनांचा ट्रक ५० किलोंच्या पोत्यांनी भरला तर ३२० पोती होतात. आठ हमालांच्या टोळीत प्रत्येकाच्या वाट्याला ४० पोती, म्हणजे दोन टन वजन येते. चालता पट्टा आणि पॅलेट उचलणारे यंत्र आणले की तेच काम तीन-चार जणांत होते. धोका वाढवणारे यंत्र आल्यामुळेच जागा मर्यादेच्या खाली जाते आणि मोजणीतून सुटते.

तिसरी गोष्ट महिन्यांची, आणि इथे जळगाव-धुळ्याच्या खानदेशाचा इतिहास आहे. १८८१ च्या कायद्यातून वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे कारखाने वगळले होते. कापसाची जिनिंग आणि प्रेसिंग ही हंगामी कामे त्यामुळे बाहेर राहिली. तीन-चार वर्षांनी, १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी आयोगापुढे खानदेशातील जिनिंग-प्रेसिंगची साक्ष झाली. बाया पहाटे ४ ते रात्री १० असे १८ तास काम करत असल्याचे त्यात नोंदले गेले. हंगामी कारखाने कायद्यात आले ते १९११ मध्ये. १९३४ च्या कायद्याने पुन्हा फरक केला : बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यात ६० तास. १९४८ च्या कारखाना कायद्याने हा भेद काढून टाकला.

त्याच १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय, मंजूर झाला. त्याने हंगामी कारखाने वगळले आणि व्याख्येत कापसाची जिनिंग आणि प्रेसिंग ही नावे घातली. एकाच वर्षाच्या दोन कायद्यांपैकी एकाने जिनिंग कामगाराला कारखाना कामगार मानले, दुसऱ्याने त्याला विम्यातून काढले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही विम्याच्या तरतुदीत हंगामी कारखान्यांचा अपवाद कायम आहे.

जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे १८८१ च्या चार महिन्यांपेक्षा तो बराच लांब आहे. यंत्रावर हात ठेवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने वर्ष सहा महिन्यांचे असले तरी रोलरचा वेग अर्धा होत नाही. विम्याचे संरक्षण मात्र अर्धे नाही, शून्य आहे.

१७० किलो

या भागातील गोदामांत यंत्र का आले, याचे उत्तर एका वजनात आहे. भारतात रुईची एक गाठ १७० किलोंची धरतात. पोत्यांच्या भाषेत ती तीन पोत्यांहून जड आहे. एकट्या माणसाला ती उचलता येत नाही, ढकलता किंवा लोळवता येते. १०० गाठी म्हणजे १७ टन, एका ट्रकचा माल. २०२३-२४ च्या हंगामात देशात सुमारे ३२५ लाख गाठी झाल्याचा सरकारी हिशेब आहे. प्रत्येक गाठ प्रेसमधून निघाल्यापासून सूतगिरणीत सुटेपर्यंत थप्पीवर चढते, उतरते, ट्रकमध्ये जाते आणि पुन्हा उतरते.

तीन मीटर उंचीच्या थप्पीवरून गाठ सुटली तर जमिनीशी येईपर्यंत तिचा वेग ताशी २७ किलोमीटरच्या पुढे जातो. त्याला लागणारा वेळ पाऊण सेकंदाच्या आसपास. खालच्या माणसाला ओरडून सांगायला तेवढा वेळ पुरत नाही. त्यामुळे हेल्मेट आणि सूचना यांचा इथे उपयोग मर्यादित आहे. थप्पीची उंची आणि थप्पीखालून जाणारी वाट, या दोनच गोष्टी बदलता येतात.

पाईपच्या गोदामात धोका आडवा असतो. फोर्कलिफ्टची रुंदी सव्वा मीटरच्या आत-बाहेर, आणि पाईपची लांबी सहा मीटर. पाईपचा गठ्ठा आडवा घेतला की तो यंत्राच्या दोन्ही बाजूंना सुमारे २.४ मीटर बाहेर राहतो. चालकाने जागेवर काटकोनात वळण घेतले तर गठ्ठ्याचे टोक ४.७ मीटरचा कमानदार रस्ता कापते. वळणाला तीन सेकंद लागले असतील तर टोकाचा वेग चालत्या माणसापेक्षा जास्त असतो. चालकाचे लक्ष पुढे असते आणि टोक त्याच्या नजरेच्या कडेला.

वजनाचेही तसेच. तीन टनांची फोर्कलिफ्ट तीन टन उचलते ते वजनाचा मध्य फोर्कच्या मुळापासून ५० सेंटीमीटरवर असेल तर. मध्य ७५ सेंटीमीटरवर गेला की क्षमता साधारण २० टक्क्यांनी घटते. यंत्रावरच्या पाटीवर हा तक्ता असतो. मोकळ्या माळावर पाईप किंवा लोखंड उचलणाऱ्या हायड्रा क्रेनलाही हाच हिशेब लागू आहे, शिवाय तिथे साखळीला टांगलेले वजन झुलते.

तिसरे यंत्र म्हणजे पोती वर चढवणारा चालता पट्टा. पट्टा सेकंदाला ६० सेंटीमीटर वेगाने चालत असेल आणि बाही किंवा बोट रोलरच्या कडेला अडकले, तर बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंतचे ४५ सेंटीमीटर आत जायला पाऊण सेकंद लागतो. बटण हाताच्या अंतरावर असले तरी माणूस त्या वेळेत ते दाबू शकत नाही. बटण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीवर असेल तर प्रश्नच नाही. रोलरवर झाकण आणि पट्ट्याच्या लांबीभर ओढता येणारी दोरी, हे उपाय या पाऊण सेकंदातून निघालेले आहेत.

फोर्कलिफ्ट माणसाला कसे मारते, याची सर्वांत तपशीलवार फोड अमेरिकेतील आहे. तिथल्या व्यवसाय सुरक्षा संशोधन संस्थेने १९८० ते १९९४ या काळातील १,०२१ मृत्यू तपासले. २२ टक्के मृत्यू यंत्र उलटल्याने झाले. २० टक्के पायी चालणाऱ्याला धडक बसल्याने, १६ टक्के यंत्राखाली किंवा यंत्रामध्ये चिरडल्याने आणि ९ टक्के यंत्रावरून पडल्याने. या चार कारणांनी दोन तृतीयांश मृत्यूंचा हिशेब लागतो. धडकेच्या २० टक्क्यांत मेलेला माणूस चालक नाही. चालकाला कितीही शिकवले तरी माणसांची आणि यंत्राची वाट वेगळी केल्याशिवाय हा पाचवा हिस्सा कमी होत नाही.

अमेरिकेत फोर्कलिफ्टमुळे २०२२ मध्ये ७३ आणि २०२३ मध्ये ६७ कामगार मेले, म्हणजे वर्षात आठ टक्के घट. तिथे चालकाचे प्रशिक्षण आणि दर तीन वर्षांनी फेरतपासणी बंधनकारक आहे. तरीही २०२१ मध्ये गोदामांतील दुखापतींचा दर १०० पूर्णवेळ कामगारांमागे ५.५ होता आणि सर्व खासगी उद्योगांचा २.७. गोदाम हे कारखान्यापेक्षा सौम्य ठिकाण आहे, या समजुतीला हा दुप्पट दर उत्तर देतो.

बोटाचा भाव

जखम मोजली गेली नाही तरी तिची किंमत कायद्यात ठरलेली आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गोदामात माल हाताळणारे कामगार येत होते, आणि पहिल्या अनुसूचीत कोणता अवयव गेला की कमाईची क्षमता किती टक्के गेली याची यादी होती. पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, अंगठा ३०, पूर्ण पंजा ६०. तर्जनीचे एक पेर ९ टक्के, आणि हाड न जाता नुसते टोक गेले तर ५.

तीस वर्षांचा हमाल घेऊ. वेतन १५,००० रुपये धरू, कारण जानेवारी २०२० पासून या कायद्यात वेतनाची तीच कमाल मर्यादा होती. वेतनाचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले वयाचा गुणक २०७.९८. पूर्ण अपंगत्वाची रक्कम येते १८,७१,८२० रुपये. तर्जनी गेली तर त्याचे १४ टक्के, २,६२,०५५ रुपये. करंगळी १,३१,०२७ रुपये. अंगठा ५,६१,५४६ रुपये. तोच हमाल पन्नाशीचा असेल तर गुणक १५३.०९ होतो आणि तर्जनी १,९२,८९३ रुपयांवर येते.

या तरतुदींत तीन विसंगती होत्या. पहिली : मृत्यूसाठी वेतनाचे ५० टक्के धरले जात आणि पूर्ण अपंगत्वासाठी ६०. त्यामुळे तीस वर्षांचा हमाल मेला तर कुटुंबाला १५,५९,८५० रुपये, कायमचा अंथरुणाला खिळला तर १८,७१,८२०. फरक ३,११,९७० रुपयांचा. जगलेल्या माणसाचा खर्च त्याच्या स्वतःसाठीही असतो, हा त्यामागचा तर्क असावा.

दुसरी : तर्जनी १४ आणि मधले बोट १२, बेरीज २६. पण एका हाताची दोन बोटे गेली तर तक्ता २० टक्के सांगत होता. चालत्या पट्ट्यात ही दोन बोटे सहसा एकत्रच जातात. तीस वर्षांच्या आपल्या हमालाच्या हिशेबात हा फरक १,१२,३०९ रुपयांचा आहे.

तिसरी कारखाना कायद्यातील. कलम ९२ मध्ये गंभीर दुखापत झाली तर किमान ५,००० रुपये आणि मृत्यू झाला तर किमान २५,००० रुपये दंड होता. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत हाड मोडणे येत होते, मात्र बोटाचे एकच हाड मोडले असेल तर ते त्यातून वगळलेले होते. हाताने माल हाताळणाऱ्याची नेहमीची जखम व्याख्येच्या कडेवर ठेवलेली होती.

१९२३ च्या कायद्यात रक्कम महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागत असे आणि विनाकारण उशीर केल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड. तर्जनीच्या रकमेवर एका वर्षाचे व्याज ३१,४४७ रुपये होई. दावा करायला दोन वर्षांची मुदत होती. पण दाव्यात पहिला प्रश्न येतो तो मालक कोण हा. माल व्यापाऱ्याचा, गोदाम दुसऱ्याचे, फोर्कलिफ्ट भाड्याची, मजुरी मुकादमाच्या हातून आणि माल चढवण्या-उतरवण्याची वाराई ट्रकवाल्याकडून, अशी पाच नावे एका बोटाभोवती जमतात. अपघाताची नोटीस भरली गेली असती तर त्यातले एक नाव त्याच दिवशी कागदावर आले असते. जखमींची मोजणी आणि भरपाई यांचा संबंध इथे आहे.

१०, २० आणि ५०

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चारही कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा संहितेत तीन मर्यादा आहेत. १० कामगारांची कोणतीही आस्थापना, मग ती उद्योगाची असो वा व्यापाराची, संहितेखाली येते. विजेवर चालणारा कारखाना २० कामगारांपासून. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० पासून, पूर्वी केंद्रीय कायद्यात ही मर्यादा २० होती.

पहिला आकडा गोदामाच्या बाजूचा आहे. उत्पादन होते की नाही हा प्रश्न उरत नाही. दहा माणसे असतील तर गोदामातील अपघातही कळवावा लागतो, आणि अट तीच, ४८ तासांची. मृत्यूसाठी किमान दंड २५ हजारांवरून ५ लाख, म्हणजे वीसपट झाला. गंभीर दुखापतीसाठी ५ हजारांवरून २ लाख, चाळीसपट. दंडातील किमान निम्मी रक्कम पीडिताला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

दुसरा आणि तिसरा आकडा विरुद्ध बाजूचे आहेत. १५ कामगारांची डाळ मिल जुन्या केंद्रीय कायद्यानुसार कारखाना ठरू शकत होती, आज ती फक्त आस्थापना आहे. ३० हमाल पुरवणारा मुकादम जुन्या केंद्रीय कायद्यानुसार कंत्राटदार होता, आज तो कंत्राटी कामगारांच्या तरतुदींबाहेर आहे. दार एका बाजूने उघडले आणि दुसऱ्या बाजूने ओढून घेतले. नऊ माणसांच्या गोदामाला मात्र तिन्ही आकडे लागत नाहीत, आणि यंत्र आल्यावर गोदाम याच नऊकडे सरकते.

डोकी न मोजता यंत्र मोजण्याचे उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. मळणी यंत्रात शेतमजुरांचे हात जाऊ लागले तेव्हा १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा करण्यात आला. शेतात दहा माणसे आहेत का, हंगाम किती महिन्यांचा, हे त्याने विचारले नाही. यंत्राला पकडले. पेंढ्या सरकवायच्या पन्हाळ्याची लांबी किमान ९० सेंटीमीटर आणि त्यातला ४५ सेंटीमीटर भाग झाकलेला, असे मानक ठरले. हाताची लांबी त्याहून कमी असते, म्हणून हात फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचत नाही. फोर्कलिफ्ट, हायड्रा आणि चालता पट्टा यांना हीच पद्धत लावता येते : प्रत्येक यंत्राला क्रमांक, वर्षातून एक तपासणी, आणि अपघात झाला तर नोटीस यंत्राच्या क्रमांकावर. मग जागा गोदाम आहे की कारखाना, माणसे नऊ आहेत की दहा, महिने सहा आहेत की बारा, यावर मोजणी अडत नाही.

संहितेखालील पहिल्या पूर्ण वर्षाचे आकडे येतील तेव्हा पाहायचा रकाना मृत्यूंचा नसेल. जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांत गोदामांतील जखमींची नोंद आदल्या वर्षापेक्षा पाचपट किंवा दहापट वाढलेली दिसली, तर सुरक्षा ढासळली असा अर्थ काढणे चूक ठरेल. नोटिसा भरल्या जाऊ लागल्या, इतकाच त्याचा अर्थ होईल. एका मृत्यूमागे जखमींचे गुणोत्तर ३ वरून ३० वर गेले तरी ब्रिटनच्या ४४७ पासून आपण दूर असू, पण अपघात कोणत्या यंत्रावर होतात ते तेव्हा कळू लागेल. गुणोत्तर ३ वरच राहिले आणि जखमी पुन्हा घटल्याचे तक्त्यात दिसले, तर ती घट यश म्हणून जाहीर करण्याआधी भागाकार करून पाहावा.